किरणोत्सर्गाच्या जुन्या प्राणिप्रयोगांचा विदा (डेटा): जपायचा कसा, वाटायचा कुणाला?

दप्तरी

चार महिन्यांपूर्वी एकवीस खोकी माझ्या ताब्यात आली. एक प्रयोगशाळा बंद होत होती, खोली रिकामी करून द्यायची होती आणि खोकी रद्दीत चालली होती. मी "आठवडाभर थांबा" म्हणाले, तेव्हापासून ती माझ्याकडेच आहेत. आत उंदरांवरच्या किरणोत्सर्गाच्या प्रयोगांच्या नोंदवह्या आहेत, शवविच्छेदनाचे छापील तक्ते आहेत, काचेच्या स्लाइड आहेत आणि दोन खोक्यांत पॅराफिनमध्ये बसवलेले ऊतकांचे ठोकळे आहेत.

पहिल्या वहीतली पहिली ओळ अशी: पिंजरा ११२, डाव्या कानाला एक खाच, मादी, ३००, एक तारीख, वेळ ८ मिनिटं २० सेकंद, मग दुसरी तारीख, मग ४७.

दुसरी तारीख मृत्यूची, हे कळलं. पण ३०० म्हणजे ३०० काय? आणि ४७ म्हणजे ती मादी कशाने मेली? आकड्यांचा अर्थ सांगणारी संकेतवही कुठल्याच खोक्यात नाही. ज्यांनी ती लिहिली असेल त्यांच्यातलं आता कुणी हयात नाही. हजारो ओळी आहेत, सुवाच्य अक्षर आहे, एकही रकाना रिकामा नाही, आणि तरी मी त्या वाचू शकत नाही. हे फार लागलं, म्हणून हा धागा.

प्रश्न माझ्या खोक्यांपुरता नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका, युरोप, जपान आणि सोव्हिएत संघात असे प्रयोग प्रचंड प्रमाणावर झाले. शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत जेनस नावाची अणुभट्टी खास जीवशास्त्रासाठी चालवत. एका बाजूला जास्त मात्रेची खोली, दुसऱ्या बाजूला कमी मात्रेची, म्हणून दोन तोंडांच्या रोमन देवाचं नाव. १९७० आणि ८०च्या दशकांत तिथे जवळपास ५०,००० उंदरांना न्यूट्रॉन किंवा गॅमा किरण दिले आणि ते मरेपर्यंत प्रत्येकाची नोंद ठेवली.

बीगल कुत्र्यांचे प्रयोग तर आणखी लांबले. युटा विद्यापीठात १९५२ साली सुरुवात झाली, ती प्लुटोनियम टोचण्यापासून. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे स्ट्राँशियम-९० अन्नातून दिलं, अल्बुकर्कीच्या लव्हलेस संस्थेत आणि हॅनफर्डला किरणोत्सारी कण श्वासातून दिले, आरगॉनला कोबाल्टच्या गॅमा किरणांत कुत्रे आयुष्यभर ठेवले, कोलोरॅडोला जन्माआधी आणि जन्मानंतर किरण देऊन वयाचा परिणाम पाहिला. बीगल बारा-पंधरा वर्षं जगतो. म्हणजे एका गटाचं उत्तर मिळायला एका संशोधकाची निम्मी कारकीर्द.

हे पुन्हा कुणी करणार नाही. करूही नये. म्हणून जे झालं त्याची शेवटची ओळसुद्धा जपली पाहिजे आणि ज्याला वापरायची त्याला ती मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आता जाणकारांनी सांगावं: मी सुरुवात कुठून करू?

नवखा_संशोधक

उत्तम विषय. दप्तरीताई, एक बाळबोध प्रश्न विचारतो. या प्रयोगांचे शोधनिबंध छापून आलेच असतील ना? निष्कर्ष ग्रंथालयात आहेत, तर कच्च्या वह्यांसाठी एवढा खटाटोप का?

आकडेमोड

नवखा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला व्यवसायामुळे रोज द्यावं लागतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

छापील निबंधात गट असतो. "अमुक मात्रा, १२० उंदीर, सरासरी आयुष्य इतके दिवस." त्या लेखकाला पडलेल्या प्रश्नासाठी ते पुरेसं होतं. मला दुसरा प्रश्न पडला की गट मुका होतो. कोणता उंदीर कधी मेला, कोणता संशोधकांनी ठरल्या दिवशी मारला, कोणता पिंजऱ्यातल्या भांडणात गेला, हे सरासरीतून परत काढता येत नाही. ठरवून मारलेला उंदीर आणि आजाराने मेलेला उंदीर यांना गणितात एकच वागणूक दिली तर आयुर्मानाचा आलेखच बदलतो.

प्रत्यक्षातलं उदाहरण घ्या. कमी मात्रेचा धोका ठरवताना एक भागक वापरतात. एकदम मिळालेल्या मोठ्या मात्रेपासून मोजलेला धोका, तीच मात्रा थोडी किंवा हळूहळू मिळाली तर किती पट कमी धरायचा, असा त्याचा अर्थ. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीने २००६च्या अहवालात तो १.५ धरला. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००७मध्ये २ कायम ठेवला. अकादमीच्या आकड्यामागे हिरोशिमा-नागासाकीच्या लोकांच्या विद्याबरोबर उंदरांचे जुने प्रयोगही होते.

पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने संग्रहांतला एकेका प्राण्याचा विदा एकत्र करून तेच गणित पुन्हा मांडलं. २०१५ साली त्यांनी दाखवलं की एकदम दिलेली आणि विभागून दिलेली मात्रा समितीने वापरलेल्या रेषीय-वर्गीय (मात्रा आणि मात्रेचा वर्ग अशी दोन पदं असलेल्या) समीकरणात एकत्र नीट बसत नाही. जगभरच्या कामगारांच्या आणि रुग्णांच्या सुरक्षामर्यादांखाली असलेल्या एका गृहीतकाची ही तपासणी होती. नवा एकही उंदीर लागला नाही. लागल्या त्या जुन्या ओळी, प्रत्येक उंदराची वेगळी.

मात्रामापक

दप्तरीताई, ३००चं पाहू.

तो मात्रेचा आकडा असणार. जुन्या वह्यांत मात्रेच्या एककाच्या तीन शक्यता असतात: राँटजेन, रॅड आणि नंतरच्या काळात सेंटिग्रे. १०० रॅड म्हणजे १ ग्रे, त्यामुळे रॅड आणि सेंटिग्रे आकड्याने सारखेच. राँटजेन मात्र हवेतल्या आयनीभवनाचं माप आहे, शरीरात शोषलेल्या ऊर्जेचं नाही. मऊ ऊतकासाठी कोबाल्टच्या किरणांत १ राँटजेनला साधारण ०.९६ रॅड येतात. म्हणजे चारेक टक्क्यांचा फरक. क्ष-किरण असतील तर फरक किरणांच्या ऊर्जेवर ठरतो आणि हाडात तो बराच मोठा होतो. न्यूट्रॉन असतील तर त्यांच्याबरोबर आलेल्या गॅमाचा हिस्सा वेगळा सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थच नाही.

पण तुमच्याकडे वेळेचा रकाना आहे, आणि तो सोन्यासारखा आहे. ३००च लिहिलेल्या ओळी तारखेप्रमाणे लावा आणि वेळ कशी बदलते ते पाहा. कोबाल्ट-६०चा अर्धायुकाल, म्हणजे स्रोताची ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, ५.२७ वर्षं. स्रोत दर महिन्याला सुमारे १ टक्का मंदावतो, म्हणून तीच मात्रा द्यायला वर्षाला साधारण १४ टक्के जास्त वेळ लागतो. सीझियम-१३७ असेल तर त्याचा अर्धायुकाल ३० वर्षांचा, वाढ वर्षाला दोन-अडीच टक्केच. क्ष-किरण यंत्र असेल तर वेळ तेवढीच राहील, फक्त नळी बदलली की उडी मारेल.

संकेतवही हरवली तरी स्रोताचा क्षय वहीत उमटलेला असतो. पाहून सांगा.

आणि मात्रेबरोबर मात्रेचा दर, प्राण्याचं स्रोतापासूनचं अंतर, तो मोकळा होता की नळकांड्यात बंद, एकाच बाजूने किरण मिळाले की दोन्ही, हे जिथे जिथे लिहिलं असेल तिथून उतरवा. एरवी भिंतीवर चिकटवलेला कॅलिब्रेशनचा (स्रोताच्या ताकदीच्या मोजणीचा) कागदसुद्धा कधी कधी वहीच्या मलपृष्ठात खोचलेला सापडतो.

सूक्ष्मदर्शी

मी प्राण्यांच्या विकृतिशास्त्रात तीस वर्षं काढली. ४७चं उत्तर माझ्याकडे नाही, पण एक कळकळीची विनंती आहे: मूळ निदान कधीही खोडू नका, "सुधारू" नका.

कारण सांगतो. जुन्या तक्त्यांत उंदरांसाठी "रेटिक्युलम सेल सार्कोमा" हे कर्करोगाचं निदान ढिगाने सापडतं, प्रकार अ आणि प्रकार ब असं. हे वर्गीकरण १९५०च्या दशकातलं. आज ते नाव कुणी वापरत नाही. प्रकार अ म्हणजे बहुतांशी आज ज्याला हिस्टिओसायटिक सार्कोमा म्हणतो ते, आणि प्रकार ब म्हणजे लिम्फोमाचा (लसीका पेशींच्या कर्करोगाचा) एक प्रकार. दोन्ही वेगळे आजार, वेगळ्या पेशींपासून उगवलेले. ज्या वहीत अ-ब लिहिलेलंच नाही, तिथे कुणी उत्साहाने सगळ्यांना "लिम्फोमा" करून टाकलं तर तो विदा कायमचा नासला. नंतर येणाऱ्याला कळणारही नाही की नासला आहे.

युरोपीय किरणजीवशास्त्र संग्रहाचं काम याबाबतीत आदर्श वाटतं. साडेचार लाखांहून अधिक प्राण्यांचा विदा तिथे गोळा झाला आहे, बऱ्याच देशांतल्या प्रयोगशाळांतून, प्रत्येकीची भाषा वेगळी. विकृतितज्ज्ञांनी बसून जुनी नावं उंदरांच्या विकृतींच्या आजच्या प्रमाणित शब्दावलीशी जोडली. जोडली, बदलली नाहीत. जुनं नाव एका रकान्यात, नवं शेजारच्या रकान्यात.

दुसरं, मृत्यूचं कारण आणि मृत्यूच्या वेळी सापडलेली गाठ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. म्हाताऱ्या उंदराच्या फुप्फुसात छोटी गाठ सापडते, पण तो मेलेला असतो मूत्रपिंडामुळे. जेनसच्या नोंदींत गाठ मारक होती, मृत्यूला हातभार लावणारी होती की नुसतीच आढळली, असा भेद केलेला आहे. तुमच्या तक्त्यांत असं काही चिन्ह, अधोरेखा, फुली दिसते का? शाईचा रंगसुद्धा पाहा. आमच्याकडे मारक गाठ लाल शाईने लिहायची पद्धत होती आणि ती कुठल्याही नियमपुस्तिकेत लिहिलेली नव्हती. झेरॉक्स काळी-पांढरी काढली आणि माहिती गेली, असं माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे. तेव्हा मी नवीन होतो, बोललो नाही. अजून आठवतं.

दप्तरी

सूक्ष्मदर्शीकाका, अंगावर काटा आला. माझ्या तक्त्यांवर लाल आणि निळ्या दोन्ही शाया आहेत आणि पहिली दोन खोकी मी करड्या रंगात स्कॅन केली आहेत. उद्यापासून पुन्हा, रंगीत.

मात्रामापकजी, वेळांचं काम शनिवार-रविवार करते.

निळी_शाई

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, आणि धाग्याचा सूर बिघडवायचा नाही.

एवढी चर्चा आकड्यांची झाली. ते कुत्रे, ते उंदीर आजारी पडले, वेदनेत जगले आणि मेले. हा विदा वाटणं म्हणजे त्या प्रयोगांना मान्यता देणं नाही का? मी प्राण्यांच्या बचावाचं काम करते. आमच्यातल्या काहींना असे संग्रह नकोच वाटतात. त्यांचं म्हणणं, वापर चालू राहिला तर पद्धतही चालू राहते.

दप्तरी

निळी_शाई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. हा प्रश्न टाळून हा धागा प्रामाणिक राहिला नसता.

माझी बाजू मांडते. प्राण्यांचा वापर टाळा, कमी करा, त्रास कमी करा, हे तत्त्व १९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी मांडलं. आज बहुतेक नैतिक समित्या त्याच्याच आधारे विचार करतात. त्यातल्या "कमी करा"चा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे झालेल्या प्रयोगाचं उत्तर पुन्हा मिळवता येणं. वर आकडेमोड यांनी सांगितलेलं काम विदा नसता तर नव्या उंदरांवर करावं लागलं असतं, किंवा झालंच नसतं.

बीगल कुत्र्यांचीच गोष्ट पाहा. प्लुटोनियमचा माणसाला हाडाच्या कर्करोगाचा धोका किती, हे माणसांत मोजायला पुरेशी माणसं नव्हती, आणि नव्हती हे बरंच. पण रेडियमची माणसं होती: घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या कामगार स्त्रिया, ज्या ब्रशाचं टोक ओठांनी जुळवत आणि रेडियम गिळत. म्हणून कुत्र्यांच्या एका गटाला रेडियम, दुसऱ्याला प्लुटोनियम दिलं, दोहोंच्या घातकतेचं गुणोत्तर काढलं आणि माणसांतल्या रेडियमच्या विद्याला त्याने गुणलं. अणुउद्योगातल्या कामगारांसाठी प्लुटोनियमचा धोका आखताना हे गुणोत्तर आधाराला होतं. त्या स्त्रिया आणि ते कुत्रे, दोघांच्याही नोंदी जपलेल्या आहेत म्हणून आजही ते गणित कुणी तपासू शकतं. फेकून दिल्या असत्या तर त्यांचं सोसणं तेवढंच राहिलं असतं आणि हाती मात्र काही उरलं नसतं.

निळी_शाई

हे मला पटण्यासारखं आहे, पूर्ण नाही पण बरंचसं. माझी एक अट मात्र ऐका. विदा "स्वच्छ" करताना त्रासाच्या नोंदी गाळू नका. "खात नाही", "मान वाकडी", "मागचे पाय ओढतो" असे शेरे कडेला लिहिलेले असतात आणि टंकणारा त्यांना निरुपयोगी समजून सोडतो. वाटायचंच असेल तर ते सुद्धा वाटा. पुढच्या समितीला असा प्रयोग मंजूर करण्याआधी कळू दे की त्या मात्रेला प्राणी कसा दिसतो.

सूक्ष्मदर्शी

निळी_शाईताई, शंभर टक्के सहमत. वैद्यकीय दृष्ट्याही ते शेरे मौल्यवान आहेत. "मान वाकडी" म्हणजे कानाच्या आतला संसर्ग असू शकतो, किरणोत्सर्गाशी संबंध नसलेला. तो शेरा गेला तर तो मृत्यू चुकून किरणोत्सर्गाच्या खात्यावर पडतो.

वाळवीनाशक

मी कागदांच्या जतनाचं काम करतो. विज्ञान तुम्ही जाणा, मी खोक्यांपुरतं बोलतो.

आधी क्रम. खोकी ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने क्रमांक द्या आणि प्रत्येक वही कुठल्या खोक्यात कशाशेजारी होती ते लिहा. संकेतवही हरवलेली असते तेव्हा शेजारचा कागदच साक्ष देतो. मग पूर्ण पानाचं रंगीत स्कॅन, कडेसकट, कोऱ्या पानांसकट, मलपृष्ठासकट. फाइलचा आकार लहान करणारा (कॉम्प्रेशनचा) प्रकार मूळ प्रतीला वापरू नका, पाहायची प्रत वेगळी करा.

टंकन दोघांनी स्वतंत्रपणे करायचं आणि दोन्ही फायली यंत्राने ताडून पाहायच्या. कंटाळवाणं आहे, पण हस्ताक्षरातला १ आणि ७ एकाच माणसाला कायम एकसारखाच चुकतो. अंतिम फाइल साध्या मजकुराची ठेवा, स्वल्पविरामाने वेगळी केलेली. एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाही अशा स्वरूपात ठेवलेला विदा म्हणजे दुसऱ्याच्या कुलपातलं धन.

पंचकार्डं (भोकं पाडून माहिती नोंदवलेली जुनी कार्डं) किंवा चुंबकीय फिती असतील तर स्वतः यंत्रात घालू नका. जुन्या फितींवरचा लेप ओलाव्याने चिकट होतो आणि एकदा चालवली की खरवडून निघतो. जाणत्या माणसाकडे द्या. पंचकार्ड मात्र फोटो काढूनही वाचता येतं, भोकं ८० स्तंभांतच असतात.

ठोकळे थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी. उन्हाळ्यात गच्चीखालच्या खोलीत अजिबात नको.

आकडेमोड

वाळवीनाशक यांच्या प्रतिसादाला जोडून: रकान्यात ९९ किंवा ९९९ दिसलं तर थांबा. जुन्या कार्डांवर "माहिती नाही"साठी नऊचे आकडे भरत. मी एकदा ९९९ दिवस जगलेल्या उंदरांचा मोठा गट "शोधला" होता. दोन आठवडे त्या आकड्यांवर काम केलं आणि मग लक्षात आलं. तेव्हापासून नवीन विदा आला की पहिला आलेख मी नुसता आकड्यांच्या वारंवारतेचा काढतो, बाकी सगळं नंतर.

नवखा_संशोधक

माझी शंका फिटली, आभार. आता दुसरी. मी सध्या उंदरांवर कमी मात्रेचा प्रयोग करतो आहे, सहा वर्षं गेली त्यात. मार्गदर्शक म्हणतात विदा लगेच खुला करू नका, दुसरा कुणी निबंध छापेल. माझ्या मनात खरंच भीती आहे. जुन्या माणसांच्या वह्या खुल्या करा म्हणणं सोपं, स्वतःच्या करणं अवघड.

दप्तरी

भीती खरी आहे, तिला कमी लेखणार नाही. पण मधला रस्ता आहे. विदा आजच जमा करायचा, संकेतवहीसकट, आणि खुला होण्याची तारीख पुढची ठेवायची. तोपर्यंत वर्णन सगळ्यांना दिसतं, आकडे नाहीत. कायमचा ओळखक्रमांक मिळतो, त्यामुळे दुसऱ्याने वापरला तर श्रेय तुमच्या नावावर जातं. किरणजीवशास्त्रासाठीच केलेलं असं एक विदागार आहे, स्टोअर-डीबी. २००९मध्ये सुरू झालेल्या युरोपीय प्रकल्पातून ते उभं राहिलं आणि जर्मनीच्या किरणोत्सर्ग संरक्षण कार्यालयाने ते सांभाळलं. तिथे विद्याबरोबर ऊतकं कुठे ठेवली आहेत त्याचीही नोंद करता येते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मार्गदर्शकांना एक विचारा: तुम्ही निवृत्त झाल्यावर या फायलींचा अर्थ कोण सांगणार? माझ्या खोक्यांच्या मूळ मालकानेही कधीतरी "छापून झालं की देऊ" म्हटलं असेलच.

मात्रामापक

नवखा, रोक्काशोचा प्रयोग आठवा. जपानच्या पर्यावरणविज्ञान संस्थेत ४,००० उंदरांचे चार गट केले, एकाला किरण दिले नाहीत आणि बाकी तिघांना सुमारे ४०० दिवस रोज थोडी थोडी मात्रा दिली, ०.०५, १.१ आणि २१ मिलीग्रे. २१ला नर-मादी दोघांचं आयुष्य घटलं, १.१ला फक्त माद्यांचं. २००३ साली छापून आलं. असा प्रयोग वर्षानुवर्षं चालतो आणि त्यातली माद्यांची गोष्ट पुढची पिढी नव्या साधनांनी पुन्हा पाहू इच्छिते. जपानमध्ये आता जे-शेअर नावाने प्राणिप्रयोगांची ऊतकं आणि नोंदी एकत्र जपण्याचं कामही चालू आहे. तुमच्या उंदरांचंही तसंच व्हावं.

सूक्ष्मदर्शी

ऊतकांबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. मेणाचे ठोकळे "जुने झाले" म्हणून फेकतात, ते थांबवा. १९९४ साली आरगॉनमधल्या वूलोशॅक यांच्या गटाने जपलेल्या ठोकळ्यांतून उंदरांच्या फुप्फुसाच्या गाठींचा डीएनए काढून रेटिनोब्लास्टोमा या, गाठींना आवर घालणाऱ्या जनुकाचे तुकडे गळालेले दाखवले. त्यासाठी वापरलेली डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत (पीसीआर) त्यांतले बरेच उंदीर मेले तेव्हा अस्तित्वातच नव्हती! ठोकळे बनवणाऱ्या तंत्रज्ञांना फॉर्मॅलिन आणि मेण माहीत होतं, डीएनए काढण्याचा विचार त्यांच्या स्वप्नातही नसेल. तरी त्यांनी प्रत्येक ठोकळ्यावर क्रमांक नीट लिहिला, म्हणून पुढचं झालं. जेनसची ऊतकं नंतर नॉर्थवेस्टर्नला गेली आणि इतर संशोधकांना मागून घेता येऊ लागली.

फुकुशिमानंतर २०११पासून तोहोकू विद्यापीठाच्या गटाने निर्वासित भागात मागे राहिलेल्या गुरांची ऊतकं जमवून संग्रह केला. प्रयोग नव्हता तो, आपत्ती होती. पण कुणीतरी त्या गोंधळात डबे आणि चिठ्ठ्या घेऊन गेलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

दप्तरीताई, ठोकळ्यावरचा क्रमांक आणि वहीतला क्रमांक जुळतो का, हे सगळ्यात आधी तपासा. ठोकळा आहे पण उंदीर माहीत नाही, तर तो नुसता मेणाचा तुकडा.

दप्तरी

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंतची प्रगती सांगते.

वेळा मांडल्या. मात्रामापकजी, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. ३००च्या पहिल्या ओळीत ८ मिनिटं २० सेकंद. २६ महिन्यांनंतरच्या ओळीत ११ मिनिटं ५ सेकंद. मधल्या सगळ्या ओळी एका गुळगुळीत वक्रावर बसतात.

मात्रामापक

५०० सेकंदांचे ६६५ झाले, म्हणजे १.३३ पट. २६ महिन्यांत कोबाल्ट-६०साठी नेमकं तेवढंच हवं. कोबाल्टच आहे, शंका नाही! आणि कुणीतरी दर वेळी स्रोताचा क्षय प्रामाणिकपणे हिशोबात धरत होतं. अशा माणसाच्या बाकी नोंदींवरही मी विश्वास ठेवीन.

राँटजेन की रॅड हे यावरून कळत नाही. विद्यात एकक "अनिश्चित, राँटजेन किंवा रॅड, फरक सुमारे ४ टक्के" असं सरळ लिहा. अंदाज करून एक निवडू नका.

दप्तरी

तसंच लिहिलं आहे. क्षयाचा आलेखही संकेतवहीत जोडला, म्हणजे निष्कर्ष कसा काढला ते पुढच्याला तपासता येईल.

ठोकळ्यांचे क्रमांक जुळतात. पहिल्या खोक्यातले २१४ तपासले, २०९ जुळले. उरलेल्या पाचांवरची शाई पुसट आहे, ते वेगळे ठेवलेत, फेकलेले नाहीत.

रंगीत स्कॅनमध्ये लाल शाई दिसते आहे, फक्त शेवटच्या रकान्यात, साधारण दर तीन ओळींत एकदा. सूक्ष्मदर्शीकाका, तुमच्याकडच्या पद्धतीसारखंच काही असेल, पण मी अजून तसं लिहिलेलं नाही. सध्या रकान्याचं नाव "शाईचा रंग" एवढंच आहे.

४७ अजून ४७च आहे. मात्र चौदाव्या खोक्यात तक्त्यांच्या मागे पेन्सिलने लिहिलेली काही वाक्यं सापडली आहेत. एकीत "फुप्फुस, डावा खंड, ४ मिमी" आहे आणि पुढच्या बाजूला त्याच उंदरासमोर ४७. अशा एकोणीस जोड्या झाल्या, त्यातल्या सतरांत फुप्फुसाचा उल्लेख आहे.

सूक्ष्मदर्शी

त्या एकोणीस उंदरांचे ठोकळे आहेत का?

दप्तरी

अकरांचे आहेत.

सूक्ष्मदर्शी

मग काप घेऊन पाहता येईल. मी येतो. उरलेल्या दोघांच्या मागे काय लिहिलंय?

दप्तरी

एकाच्या मागे काही नाही. दुसऱ्याच्या मागे "मान वाकडी" आहे. तसंच उतरवून ठेवलं आहे.